गोष्ट सांगावी की वापरावी?

परकी भाषा शिकविताना वर्गात गोष्टी सांगाव्यात, हे तत्त्व आता कोणी नाकारीत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली आणि तेव्हापासून शिक्षकांपुढे गोष्टीची महती वारंवार गायिली जाते. गोष्टीने मूल रमते, शब्द नकळत कानांवरून जातात, वाक्यांची घडण अंगवळणी पडते, हे सारे खरेच आहे. आमचा प्रश्न मात्र निराळा आहे आणि तो शिक्षणशास्त्रापेक्षा नीतिविचाराच्या अंगणात पडतो. गोष्ट ही एखाद्या कामासाठी वापरण्याची वस्तू आहे काय? एका मनुष्याने दुसऱ्याला गोष्ट सांगितली म्हणजे सांगणारा आपला शब्द पुढे करतो आणि ऐकणारा घटकाभर आपले मन त्याच्या स्वाधीन करतो. ऐकणाऱ्याने टाकलेला हा विश्वास भूतकाळाची रूपे घोकून घेण्याच्या कामी लावावा काय?

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु पवनीसारख्या गावात आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या इंग्रजीसाठी फी भरतात. त्या पैशाच्या मोबदल्यात मुलाच्या हाती नेमके काय पडते आणि त्याच्याकडून काय काढून घेतले जाते, हे पाहणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

वर्गात सामान्यतः काय घडते? कोल्हा आणि द्राक्षांची गोष्ट इंग्रजीत सुरू होते. कोल्हा उडी मारतो, मुले माना उंचावतात आणि नेमक्या त्या क्षणी बाई थांबून विचारतात, ‘जम्प्ड’चे मूळ रूप कोणते? गोष्ट संपली की फळ्यावर दहा प्रश्न येतात. द्राक्षे कोठे होती, कोल्हा किती वेळा उडाला, शेवटी काय म्हणाला. क्षणापूर्वी जे मूल द्राक्षांच्या मळ्यात उभे होते, ते आता परीक्षेच्या खोलीत बसलेले असते. पुढच्या वेळी बाई गोष्ट सांगू लागल्या की ते मूल सावध होऊन ऐकते. मासा एकदा गळाला लागून सुटला की पाण्यात पडलेल्या प्रत्येक किड्याकडे संशयाने पाहतो, तसे.

संत ऑगस्टीन यांनी हा अनुभव सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात ते बालपणीच्या दोन भाषांविषयी सांगतात. लॅटिन त्यांना दायांच्या लाडात, हसण्याखेळण्यात आली; कोणी धाक घातला नाही, मनातले बोलावेसे वाटले म्हणून शब्द आले. ग्रीक मात्र शाळेत, शिक्षेच्या भीतीखाली शिकावी लागली आणि तिचा त्यांना तिटकारा बसला. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, ग्रीकच्या वर्गात गोष्टींची वाण नव्हती. तेथे साक्षात होमर होता, जगातल्या थोर कथाकारांपैकी एक. तरीही ती गोडी मुलाला कडू लागली. कडू काढ्याला आपण मधाचे बोट लावतो. येथे काढाच मधाचा होता आणि कडूपणा पेल्याच्या काठाला होता. ग्रीक मुलांना व्हर्जिल असाच कडू लागत असावा, असेही ते जाता जाता म्हणतात. भाषा शिकण्याच्या कामी भीतीच्या सक्तीपेक्षा मोकळ्या कुतूहलाचे बळ अधिक, हा त्यांचा निष्कर्ष आहे. सक्तीलाही देवाच्या योजनेत जागा आहे, असे ते लगेच पुढे म्हणतात. तेथे आम्ही संतांपुढे आदराने मान लववितो, पण छडी मात्र हाती घेत नाही.

तेव्हा वर्गात केवळ गोष्ट आणून भागत नाही. ती कोणत्या मनाने सांगितली जाते, यावर सारे अवलंबून आहे.

आपल्या प्रभूच्या दाखल्यांकडे या दृष्टीने पाहावे. येशूही गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला संपल्यावर तो शास्त्रपंडिताला विचारतो की, या तिघांपैकी लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा शेजारी कोण ठरला. परंतु हा प्रश्न आठवणीची परीक्षा पाहणारा नाही. जखमांवर काय ओतले, उतारशाळेच्या रखवालदाराला किती नाणी दिली, हे त्याने विचारले नाही. त्याने न्याय मागितला. ऐकणाऱ्याला गोष्टीच्या आत उभे करून त्याचा कौल घेतला. जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, तेव्हा राजा संतापून निवाडा देतो आणि आपण स्वतःविरुद्धच निवाडा दिला हे त्याला मागून कळते. ज्याच्याकडून निवाडा मागितला जातो, त्याला कोणीतरी मनुष्य म्हणून मोजलेले असते. केवळ आठवण तपासली जाते, तेव्हा तो एक भांडे ठरतो. किती ओतले आणि किती उरले, एवढेच पाहावयाचे. ‘कोल्ह्याने स्वतःला फसविले का? तुम्ही कधी असे केले आहे का?’ हे मोडक्यातोडक्या इंग्रजीतही विचारता येते आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याचे उत्तरही देता येते. असे उत्तर देणारे मूल त्या घटकेला इंग्रजी बोलत असते. इतर वेळी ते पुष्कळदा केवळ इंग्रजी उच्चारीत असते.

भाषा बोलणे आणि उच्चारणे यांतला हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो. अर्थ न कळता, मनात तसे काही नसता, गुणांसाठी वाक्ये म्हणत राहण्याची सवय लहानपणी लागली तर शब्द आणि सत्य यांचा सांधा निखळतो. ज्या भाषेत आपण कधी खरे बोललोच नाही, त्या भाषेत खोटे बोलणे सोपे जाते.

पवनीच्या मुलाची अडचण आणखी खोल आहे. वैनगंगेच्या या काठी घरोघर झाडीबोली बोलली जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती बोली आणि तिच्यातली दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये यांना अभ्यासकांच्या जगात मानाचे स्थान मिळवून दिले. परंतु वर्गात तिला अजून ओशाळेच वाटते. घरी जे ‘पानी’, ते पुस्तकात ‘पाणी’. घरी ‘डोरा’, पुस्तकात ‘डोळा’. प्रमाण मराठी ही या मुलाची चढण्याची पहिली पायरी असते आणि ती नीट चढून होण्याआधीच पुढे इंग्रजीची दुसरी पायरी येते. प्रत्येक पायरीवर ते थोडे लहान होत जाते. अंगणात दंडारीतल्या सोंगाची नक्कल करून सात जणांना हसविणारा पोरगा इंग्रजीच्या तासाला ‘माय नेम इज’च्या पलीकडे जात नाही, आणि हळूहळू सर्वांना, त्याला स्वतःलाही, वाटू लागते की हा मुलगा मंद आहे. सेमिनरीत लॅटिनच्या विभक्ती घोकताना अशा मुकेपणाची थोडी चव आम्हीही घेतली. पण आम्ही विशीतले होतो, स्वखुशीने आलो होतो; सहा वर्षांच्या लेकराची गोष्ट वेगळी. मनुष्याला मुके करणे हा लहान अपराध नव्हे. शुभवर्तमानात मुक्याला वाचा देणे हे देवराज्याचे चिन्ह म्हणून येते.

यावर उपाय म्हणून गोष्ट, हे ठीक. पण गोष्ट कोणाची? येथे इतिहास पाहिला तर एक मोठी गंमत दिसते.

परक्यांची भाषा शिकण्यासाठी गोष्टींचा पद्धतशीर वापर करणाऱ्यांत आपले येशूसंघीय मिशनरी होते. जपानमध्ये आमाकुसा येथील त्यांच्या छापखान्यात १५९२ साली ‘हेइके’ घराण्याची प्रसिद्ध युद्धकथा आणि १५९३ साली इसापच्या गोष्टी बोलीतल्या जपानी भाषेत, रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंनी त्या वाचून लोकांची बोली शिकावी, असा हेतू होता. हेइकेची कथा या कामासाठी बोलीत आणणारा जपानी बंधू फाबियन फुकान पुढे संघ सोडून गेला आणि १६२० साली त्याने ख्रिस्ती धर्माच्या खंडनाचे पुस्तक लिहिले. त्याच्या मनात काय झाले असेल, यावर आम्ही पुष्कळदा विचार करतो. आपल्या लोकांची सर्वांत प्रिय कथा परक्यांसाठी धडा म्हणून कापून देताना त्याला काय वाटले असेल?

तमिळ प्रदेशात अठराव्या शतकात कोन्स्तांझो बेस्की हे इटालियन येशूसंघीय होऊन गेले. तमिळ लोक त्यांना वीरमामुनिवर या नावाने मान देतात. तमिळ शिकणाऱ्या मिशनऱ्यांसाठी त्यांनी परमार्थगुरू आणि त्याचे पाच मूर्ख शिष्य यांची हास्यकथा लिहिली. नदी ओलांडण्यापूर्वी ती जागी आहे की झोपली आहे, हे पाहण्यासाठी एक शिष्य पेटते लाकूड पाण्यात बुडवितो. ते चर्रकन वाजते आणि नदी जागी असल्याचे ठरते. नदी ओलांडल्यावर आपण सारे आलो का म्हणून ते मोजू लागतात, तर मोजणारा प्रत्येक जण स्वतःला मोजावयास विसरतो. १८२२ साली ही कथा लंडनमध्ये बेंजामिन बॅबिंग्टन यांनी इंग्रजी भाषांतर आणि शब्दसंग्रह जोडून छापली, ती पुन्हा तमिळ शिकणाऱ्या इंग्रजांसाठीच.

आपल्या मराठीचेही तेच. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी कंपनीच्या इंग्रज नोकरांना मराठी शिकवीत. त्या विद्यार्थ्यांच्या वाचनासाठी वैजनाथ पंडितांनी सिद्ध केलेली ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली आणि ‘हितोपदेश’ १८१५ साली सेरामपूरच्या छापखान्यातून निघाली. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील गद्य कथापुस्तकांत यांची गणना होते. आपल्या छापील गोष्टींचा जन्म असा परक्यांच्या भाषावर्गात झाला, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या तिन्ही ठिकाणी शिकणारा बलवान होता. तो धर्मोपदेशक होता किंवा राज्यकर्ता होता. तरी भाषेसाठी त्याने ज्यांच्याकडे जावयाचे त्यांच्याच तोंडची बोली, त्यांच्याच मातीतली गोष्ट हाती घेतली. इसाप तेवढा बाहेरचा, पण त्यालाही जपानी बोली नेसविली होती. बलवानाने दुबळ्याच्या गोष्टीपुढे विद्यार्थी होऊन बसावे, यात काही अंशी तरी नम्रता आहे. आपल्या वर्गात मात्र शिकणारे मूल दुबळे, भाषा बलवानाची आणि गोष्टही बहुधा बलवानाच्याच घरची. तीत बर्फ पडते, चिमणीतून धूर निघतो, आजी लोकरीचे मोजे विणते. परक्या गोष्टी सांगू नयेत, असे आम्ही म्हणत नाही. इसाप १८०६ साली तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने मराठीत आला आणि पुढे सदाशिव काशिनाथ छत्र्यांच्या १८२८ सालच्या पुस्तकाने घरचाच होऊन गेला. पण पाहुण्यासाठी दार उघडावयाचे तर आधी घर स्वतःचे असावे लागते.

भाषा देण्याचे दोन मार्ग गोव्याच्या इतिहासात शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्ही आपल्याच धर्मबांधवांचे आहेत. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी येथली भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास आम्हांला काही द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी त्या ग्रंथाच्या आरंभीच येते. त्या मागणीत हरवलेल्या गोष्टींचे दुःख आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. स्टीफन्स यांनी त्या दुःखाला उत्तर दिले ते ओवीने. परक्या माणसाने लोकांच्या छंदात, लोकांच्या बोलण्यात तारणाची कथा सांगितली. आणि १६८४ साली व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनी फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मानाने लोकांची भाषा सुटली नाही. कोंकणी आजही बोलली जाते, आणि ख्रिस्तपुराणही आजवर पुनःपुन्हा छापले गेले आहे. वर्गातली शिक्षिका रोज सकाळी या दोघांपैकी एकाची वाट धरीत असते, मग तिला ते ठाऊक असो वा नसो.

पवनीत गोष्टींची टंचाई नाही. जगन्नाथ टेकडीवर १९६९–७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष वर आले. तेथे सापडलेल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे. मुसळधार पावसात बुद्धावर ज्याने फणा धरला तो. त्या शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत त्याचे नाव कोरलेले आहे. चित्र आणि चित्रापाशी नाव! दोन हजार वर्षांपूर्वीचा तो अंकलिपीचा धडाच म्हणावयाचा. त्या नागाची गोष्ट दहा सोप्या इंग्रजी वाक्यांत सांगता येते, आणि मुलाला टेकडीची वाट पाठ असते. उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानातला ‘जय’ वाघ २०१६ साली दिसेनासा झाला, तो कोठे गेला असेल? या प्रश्नावर वर्गातले प्रत्येक मूल बोलेल. कोणाचा मामा त्या रानाच्या कडेला राहतो, कोणाच्या काकाने पावलाचे ठसे पाहिलेले असतात. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे पाण्याने गावे घेतली. ती गावे ज्यांनी सोडली, त्यांची नातवंडे आज शाळेत आहेत. ‘माझ्या आजीचे घर पाण्याखाली आहे’ हे वाक्य इंग्रजीत चारपाच शब्दांचे आहे आणि ते म्हणताना मुलाला व्याकरणाची भीती वाटत नाही, कारण सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी असते.

सांगण्याची रीत काही अवघड नाही. पुस्तक मिटून, मुलांच्या डोळ्यांत पाहून सांगावे. हात, चेहरा, आवाज यांनी अर्थ उघडावा. दंडारीच्या मुलखात हे शिकवावे लागू नये. तेच वाक्य गोष्टीत पुन्हापुन्हा येऊ द्यावे म्हणजे मुले ते आपोआप बरोबर म्हणू लागतात. अडले तेथे घरचा शब्द खुशाल वापरावा. गोष्ट चालू असता चूक दुरुस्त करू नये. ती वहीत टिपून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासाला, तिचा समाचार घ्यावा. व्याकरणाला स्वतःचा तास असावा. आम्ही व्याकरणाचे शत्रू नाही; ते गोष्टीच्या पोटात चोरून बसविण्याला आमचा विरोध आहे. मुलाला व्याकरण शिकवावयाचे असेल तर तसे त्याला सांगावे. गोष्ट म्हणून बोलावून व्याकरण वाढणे, यात आतिथ्य नाही.

कोणी म्हणेल, हे सारे परीक्षेत कोठे मोजले जाते? मोजले जात नाही, हे खरे, आणि गुणांवर मुलांचे भवितव्य टांगलेले असताना पालकांनी गुणांची चिंता करू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. इतकेच म्हणतो की, बोलू लागलेले मूल परीक्षेलाही बसू शकते. आणखी एक आक्षेप शिक्षकच आम्हांजवळ हळू आवाजात काढतात: आमचेच इंग्रजी कच्चे, आम्ही काय गोष्ट सांगणार? आम्हांला हा अडथळा वाटत नाही. अडखळत का होईना, सांगण्याची ज्याला ओढ आहे, अशा मोठ्या माणसाकडे पाहूनच मुलाला धीर येतो. मोशेही जड जिभेचा होता आणि ती तक्रार त्याने देवापाशी केली होती. देवाने त्याला रजा दिली नाही, सोबतीला भाऊ दिला. शाळेतही दोघी शिक्षिकांनी मिळून एक गोष्ट बसवावी.

आता आपल्या घराकडे वळू. आपली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात जातात आणि धर्मशिक्षणाची उत्तरेही इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवितात. ऐकून आपल्याला संतोष होतो. पण उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या शब्दांत सांग म्हटले की त्यांतली कितीतरी मुले गप्प होतात; इंग्रजीत शब्द पुरत नाहीत आणि मराठीत ती गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेममध्ये जमलेल्या लोकांना एकच भाषा बोलता येऊ लागली, असे पवित्र शास्त्र सांगत नाही. ज्याने त्याने आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली, असे सांगते. मुलाने वर्गात परक्या भाषेत गोष्ट सांगावी, ही आमची इच्छा आहेच. पण ती गोष्ट त्याने आधी कोणाच्या तरी मांडीवर ऐकलेली असावी.

म्हणून शिक्षकांनी घरचा अभ्यास द्यावयाचा तर असा द्यावा: आज घरी जा, आजीकडून एक गोष्ट घरच्या बोलीत ऐका आणि उद्या ती आम्हांला इंग्रजीत सांगा. यात इंग्रजीचे काहीच उणे होत नाही. आजीला मात्र कित्येक वर्षांत कोणी गोष्ट मागितलेली नसते. पहिल्या दिवशी ती म्हणेल की मला आता काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.